गाल मास्तरांचे, आवाज बाईचा

डोंगरकडा गावच्या वैजनाथ मास्तरांनी चाळीस वर्षांत दोनेक हजार लग्नं वाजवली आणि त्यातल्या एकाही लग्नाच्या व्हिडिओत मास्तरांचा आवाज नाही.

मास्तर दिसतात. भरपूर दिसतात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि ट्रंपेटच्या मागे पुरीसारखे टम्म फुगलेले दोन गाल. पण वारंगा फाट्याचा रविंद्र शूटिंगवाला शूटिंग घरी नेई, त्यातला मूळ आवाज पुसून टाकी आणि वरून सिनेमातलं गाणं चढवी. मग पडद्यावर मास्तर जिवाच्या आकांताने फुंकतायत आणि ट्रंपेटमधून कोणीतरी नाजूक गायिका लाजत लाजत बाहेर येतेय, असा देखावा तयार होई. गावात याचं एक वाक्यच पडून गेलं होतं : गाल मास्तरांचे, आवाज बाईचा.

"रविंद्र, लेका, कधी तर आमचा आवाज राहू दे की," मास्तर म्हणत.

"मास्तर, कोणाला कळतंय?" रविंद्र म्हणे. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा मनापासून असा समज होता, की लग्नात जे वाजतं ते लग्नापुरतं असतं आणि व्हिडिओत जे वाजतं ते कायमचं, म्हणून ते जरा चांगलं असावं.

मास्तरांची लेक प्रतिक्षा सासरी निघाली तेव्हा बिदाई मास्तरांनी स्वतः वाजवली. रडत रडत ट्रंपेट वाजवणं फार अवघड. डोळ्यांचं काही नाही, ते वाहू देता येतात. पण नाक चोंदलं की दम घ्यायचा कुठून? तरी मास्तरांनी वाजवली. मांडवातली आचारी मंडळीसुद्धा झारे खाली ठेवून रडली, असं सांगतात. व्हिडिओत मात्र तिथं सिनेमातलं गाणं आलं. मास्तरांनी ती सीडी पाखरं हुसकायला ज्वारीत टांगली. पाखरं तिनं चांगली राखली.

आणि आता मास्तरांचा वरचा पुढचा दात हलायला लागला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी तो बोटाने हलवून पाहिला, मग शेजारचाही हलवून पाहिला आणि म्हणाले, "दोन्ही काढू. पुढच्या सोमवारी या."

"मंग ट्रंपेट कशावर टेकवायची?"

"आता आराम करा की काका."

मास्तर घरी आले. त्यांच्या मनात एकच हिशेब होता. सोमवारपर्यंत आपला आवाज कुठंतरी राहिला तर राहिला. नाहीतर चाळीस वर्षं आपण नुसते गाल फुगवले, असंच जगाला वाटणार.

*

याच सुमारास किसनरावांची मुलगी राजनंदिनी पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून एक गिटार घेऊन गावात परत आली होती. किसनराव मोठे बागायतदार. पोरगी घरून काम करते, असं त्यांनी गावाला सांगितलं होतं. शेतातल्या आखाड्यावरून, म्हणजे शेतघरातून, रोज दुपारी जो दणदणाट येई, त्याबद्दल कोणी विचारलं की ते गंभीरपणे म्हणत, "मीटिंग चालू आहे."

मीटिंगला चौघं असत. गिटार आणि गाण्याला राजनंदिनी. ड्रमवर तांड्यावरच्या भीमसिंगची नात शितल. बास गिटारवर वसमतचा बालाजी, ज्याचा आवाज अजून कोणीच ऐकला नव्हता. आणि रेकॉर्डिंगला पुण्याहून आलेला रुद्र, जो कानावरचे मोठे हेडफोन जेवतानासुद्धा काढत नसे. बँडचं नाव होतं 'अर्धं हळकुंड'.

राजनंदिनी मास्तरांच्या घरी आली तेव्हा मास्तर आणि भीमसिंग ओट्यावर बसले होते. मास्तरांच्या ब्रास पार्टीत एके काळी अकरा जण होते. डीजे आला आणि हे दोघंच उरले. भीमसिंग मोठा बाजा वाजवायचा. त्याचं खरं नाव युफोनियम, पण एवढं म्हणेपर्यंत वरात पुढच्या गल्लीत जाते.

"काका, आमच्या बँडला वाजंत्री पाहिजेत," राजनंदिनी म्हणाली. "आम्ही स्का-पंक वाजवतो."

"ते काय असतं माय?"

"स्का जमैकाचं. आपण ठोक्यावर वाजवतो ना? त्यात ठोका सोडून मधल्या जागेत वाजवायचं. एक-पॅं, दोन-पॅं."

मास्तरांनी सावकाश मान वळवून भीमसिंगकडे पाहिलं. भीमसिंग चाळीस वर्षं अर्धा ठोका मागून येत होता, कारण त्याला प्रत्येक वेळी आधी तंबाखू गालात सरकवावी लागे.

"म्हंजी," मास्तर म्हणाले, "चाळीस वर्षं म्या याला शिव्या घातल्या, आन् हा जमैकाचं वाजवून राहिला व्हता?"

"म्या सांगत व्हतो तुमाला," भीमसिंग म्हणाला. त्याने असं कधीही सांगितलं नव्हतं.

"आन् ते पंक?"

"पंक म्हणजे जोरात, भराभर आणि रागानं."

"राग कोनावर?"

"कोणावरही."

"मंग मला काहून बोलवून नाही राहिले?" आतून शकुबाई म्हणाल्या. त्या मास्तरांच्या पत्नी.

राजनंदिनी हसली. पुढे म्हणाली, "रविवारी बाजारतळावर कार्यक्रम करतोय. त्याचाच अल्बम निघणार. लाइव्ह."

"लाइव म्हंजी?"

"जसं वाजलं तसं. मागून वरून काही चढवायचं नाही."

मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. "माय, हे परत एकदा म्हन."

"वरून काही चढवायचं नाही."

"भीमसिंग," मास्तर उठत म्हणाले, "बाजा पूस."

*

आखाड्यावर तालमी सुरू झाल्या आणि पहिल्याच दिवशी एक अडचण निघाली. मास्तरांना उभं राहून वाजवता येईना.

वाजवायला लागले की ते चालत. त्यांच्या मागे भीमसिंग चाले. दोघं वाळत घातलेल्या हळदीच्या ढिगाभोवती फेऱ्या मारत आणि गाणं संपलं की जिथं असतील तिथं थांबत. पहिल्या दिवशी गाणं संपलं तेव्हा ते विहिरीपाशी होते.

"काका, माइक इथं आहे," रुद्र म्हणाला. "इथंच उभं राहून वाजवा."

मास्तर उभे राहिले. फुंकलं. आवाजच निघेना. चाळीस वर्षं पाय आणि श्वास एकाच दोरीनं बांधलेले. एक थांबला की दुसरा थांबे. खुर्चीवर बसवून पाहिलं, तर खुर्ची सरकली. शेवटी शितलनं तोड काढली. "मास्तरबाबा, शाळंत पीटीला करतेत तसं करा. जागच्या जागी पाय उचला."

ते जमलं. मास्तर आणि भीमसिंग जागच्या जागी कदमताल करत वाजवू लागले. रुद्रने मास्तरांच्या ट्रंपेटला एक चिमट्याचा माइक लावला, पंधरा फुटी वायरचा. रविवारपर्यंत सगळं बरोबर बसलं. दातही जागेवर होता. रोज थोडा वेगळ्या जागेवर, पण होता.

*

कार्यक्रम दुपारी चारला ठेवला, कारण रात्री शेताची लाइट येते आणि अख्खं गाव मोटारी चालू करायला जातं. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकमेकींना जोडून स्टेज केलं, चढायला एक फळी लावली. किसनरावांनी पत्रिकेत 'भव्य संगीतमय कार्यक्रम' असं छापल्यामुळे बायकांना ते भजन वाटलं आणि त्या सतरंज्या घेऊन पुढच्या रांगेत येऊन बसल्या. शूटिंगला रविंद्र होता. दुसरं कोण असणार?

पहिलं गाणं गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचं, 'डीपी जळाली'. ते सुरू झालं म्हणेपर्यंत संपलं. एक मिनिट चाळीस सेकंद.

"झालं?" पहिल्या रांगेतल्या द्वारकाबाईंनी विचारलं.

"झालं, मावशी."

"मंग बरं हाय. मानसाची खोटी करत न्हाई."

दुसरं गाणं 'पाहुणे अजून जाईनात'. यात पुढची रांग उठून उभी राहिली. तिसरं 'आधार लिंक होईना'. यात सतरंज्या कोणाच्या कोणाच्या ते कळेनासं झालं. बँकेत काम करणारा एक गृहस्थ नाचता नाचता माफी मागत होता. मास्तर जागच्या जागी पाय आपटत असे काही फुंकत होते, की रुद्र हेडफोन कानावर दाबून धरून हसत होता. मास्तरांनी मधेच त्याच्याकडे पाहून भुवई उडवली : येतंय का? रुद्रने अंगठा वर केला : येतंय.

चौथं गाणं सुरू झालं आणि प्रमुख पाहुणे आले. त्यांना घेऊन आलेल्या किसनरावांच्या हातात नारळ होता. कार्यक्रम दहा मिनिटांपूर्वीच सुरू झाला ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली, पण नारळ फोडायचा राहिलाय हीसुद्धा आली आणि त्यांना ती जास्त महत्त्वाची वाटली. कोणाला न विचारता त्यांनी ट्रॉलीच्या लोखंडी कोपऱ्यावर नारळ आपटला.

टाक्!

आता, वाजंत्र्याच्या आयुष्यात नारळाचा एकच अर्थ असतो. मारुतीपुढं नारळ फुटला की वरात हलते. पुढं नवरदेव असो की नसो, डोकं काहीही म्हणो, पाय निघतात.

मास्तरांचे पाय निघाले.

ते फळीवरून खाली उतरले. मागून भीमसिंग उतरला. वायर पंधरा फूट होती. सोळाव्या फुटाला स्पीकरमधून 'फट्' असा आवाज आला आणि ती सुटली. मास्तरांच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या मागे पुढची रांग निघाली, तिच्या मागे मागची रांग, आणि बालाजीने आपल्या गिटारची वायर काढली आणि तोही निघाला. का, ते त्याने सांगितलं नाही. मास्तरांच्या तोंडापुढं चार हातांवर कॅमेरा धरून, उलट्या पावलांनी, रविंद्र निघाला. गेली अठरा वर्षं तो असाच मास्तरांच्या पुढं उलटा चालत आला होता.

स्टेजवर उरल्या राजनंदिनी आणि शितल. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"थांबायचं का?" राजनंदिनी ओरडली.

"वरात मधी थांबवतेत का?" शितल ओरडली आणि तिने ड्रम आणखी जोरात बडवला.

वरात बाजारतळातून वेशीकडे, वेशीतून मारुतीकडे वळली. घराघरांतून बायका बाहेर आल्या. वरात आली म्हटल्यावर ओवाळायला पाहिजे, म्हणून द्वारकाबाई पळत घरी जाऊन ताट घेऊन आल्या.

"नवरदेव कुठंय?"

कोणाला माहीत नव्हतं. द्वारकाबाईंनी वरात वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यातल्या त्यात लग्नाच्या वयाचा, अंघोळ केलेला आणि मान खाली घालून चालणारा एकच जण होता. त्यांनी बालाजीला ओवाळलं. बालाजी काही बोलला नाही, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली.

मारुतीच्या वळणावर मास्तरांच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. त्यांनी खाली पाहिलं. ट्रंपेटला लोंबणारी वायर. तिचं मोकळं टोक.

मास्तरांना सगळं कळलं. रेकॉर्डिंगची पेटी तिकडं बाजारतळावर, आणि आपण इकडं. आपला आवाज कुठंच जात नव्हता. नेहमीसारखाच हवेत जात होता. दातही आता बिजागरीवरच्या दारासारखा मागे-पुढे होत होता. थांबून परत पळत जावं का? पण शंभर माणसं मागे नाचत होती आणि वरात मधे थांबवलेला माणूस मास्तर अजून झाले नव्हते.

मग ते जे वाजवत होते ते त्यांनी सोडून दिलं आणि प्रतिक्षाची बिदाई धरली. तीच, रडत वाजवलेली. पण लांबून शितलचा ड्रम सुसाट येत होता, त्यामुळे बिदाई त्या वेगात धरावी लागली, आणि बिदाई त्या वेगात वाजवली की लेक सासरी जात नाही, पळून जाते असं वाटतं. बायका रडायला म्हणून पदर डोळ्यांकडे नेत होत्या आणि तोच पदर कमरेला खोचून नाचत होत्या.

आणि तिथं मारुतीपाशी एक अद्भुत घडलं. बाजारतळावरचा ठोका तिथवर पोचायला थोडा वेळ लागत होता. तो बरोबर अर्धा ठोका उशिरा येत होता. त्यामुळे भीमसिंग आयुष्यात पहिल्यांदा ठोक्यावर आला. मास्तरांनी वाजवता वाजवता मागे वळून पाहिलं. भीमसिंगच्या डोळ्यांत पाणी होतं. तंबाखू त्याने गिळली होती.

एकोणीस मिनिटांनी वरात बाजारतळावर परतली. मास्तर फळीवरून वर चढले आणि शेवटचा सूर लावला. वरचा, लांब. तो सूर ताणला, ताणला, आणि शेवटी त्यात बारीक 'फुस्' असं काहीतरी झालं. मास्तरांनी ट्रंपेट खाली घेतली, आनंदाने भीमसिंगला मिठी मारायला वाकले आणि त्यांच्या तोंडातून काहीतरी निसटून भीमसिंगच्या बाज्याच्या वर उघडलेल्या कर्ण्यात पडलं.

टुण्ण.

*

"चौथ्या गाण्यात ट्रंपेट चौदा सेकंद आहे," दुसऱ्या दिवशी सकाळी आखाड्यावर रुद्र म्हणाला. "मग फट्. मग एकोणीस मिनिटं गिटार, ड्रम आणि लांबून कुत्री."

मास्तर लाल कोटातच आले होते. ऐकायला यायचं म्हणून त्यांनी तो मुद्दाम घातला होता. दाताच्या जागी आता दार होतं.

"आदल्या तीन गाण्यांत हाय ना म्या?"

"आहात की. पण तिथं तुम्ही अधूनमधून पॅं-पॅं करताय. तुमचं खरं वाजवणं याच गाण्यात होतं." रुद्रने लॅपटॉपकडे पाहिलं. "काळजी करू नका काका. पुण्यात माझा एक ट्रंपेटवाला आहे. तो वरून वाजवेल. कोणाला कळतंय?"

शकुबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली.

"म्हंजी आता बाई बी न्हाई," त्या म्हणाल्या. "बाप्याच."

"वरून चढवायचं नाही, असं मी काकांना सांगितलंय," राजनंदिनी म्हणाली.

"मग गाणंच काढून टाकू. तीन गाण्यांचा अल्बम. साडेपाच मिनिटं."

मास्तर हळदीच्या ढिगाकडे बघत होते. त्यांना कालची वरात डोळ्यांपुढं दिसत होती. वेस. द्वारकाबाईंचं ताट. मारुती. आणि या सगळ्याच्या आणि त्यांच्या मधे, पूर्ण वेळ, काय होतं? रविंद्रचं डोकं. चार हातांवर.

"रुद्र," ते एकदम म्हणाले, "त्या शूटिंगच्या कॅमेऱ्याला कान असतेत का?"

"माइक? असतो की."

"आसनारच. तो अठरा वर्षं मूळ आवाज पुसून राहिला. पुसतो म्हंजी पुसायला आधी आसतो!"

दातातून वारा गेल्यामुळे हे सगळं शिट्टीसकट बाहेर आलं, पण सगळ्यांना कळलं. राजनंदिनीने रविंद्रला फोन लावला. सिनेमातलं गाणं वाजलं, फोन कोणी उचलला नाही.

"कसा उचलंल? आज वारंगा फाट्याला लगीन हाय," शकुबाई म्हणाल्या. "डीजे हाय म्हंत्यात."

मास्तर ताडकन उठले. प्रतिक्षाच्या लग्नाचं कच्चं शूटिंग तरी दे, म्हणून ते मागे रविंद्रकडे गेले होते, तेव्हा तो म्हणाला होता, "मास्तर, कच्चं कोण ठेवतंय? त्याच्यावर दुसऱ्याच दिवशी कनेरगाव नाक्याचं लग्न घेतलं." काल बाजारतळ. आज वारंगा फाटा. कार्ड तेच. घरी उतरवलेल्यात तर आवाज पुसलेलाच असणार.

भीमसिंगच्या मोटरसायकलवर तिघं बसले. भीमसिंग पुढं, मास्तर मधे, राजनंदिनी मागे. हायवेवर भीमसिंगने गाडी एवढी पळवली की मास्तरांच्या कोटाची एक झालर वाऱ्यावर सुटून मागच्या उसाच्या ट्रकला जाऊन चिकटली.

मंगल कार्यालयाच्या दारात उपरणंवाल्या एका पाहुण्याने लाल कोट पाहिला.

"बँड बी सांगितलाय का? या या, उशीर केला! पुढं व्हा!" आणि त्याने मास्तरांना धरून थेट डीजेच्या गाडीपुढं नेऊन उभं केलं.

डीजे सुरू होता. छातीतली हाडं जागा बदलत होती. घोडीवर नवरदेव होता, घोडीच्या पुढं रविंद्र होता, आणि रविंद्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर काहीतरी दाबत होता. राजनंदिनीने दुरूनच पडद्याचा रंग ओळखला. कॅमेरा विचारत होता : सगळं पुसू का?

"थांब!" मास्तर ओरडले. फक्त वारा आला.

रविंद्रने वर पाहिलं, ओळखीचं हसला, मान लववून नमस्कार केला आणि अंगठा परत पडद्याकडे नेला.

"रविंद्रदादा! नको!" राजनंदिनी ओरडली. भीमसिंगही ओरडला. डीजेने तिघांचं ओरडणं गिळून टाकलं.

ट्रंपेट घरी होती. असती तरी उपयोग नव्हता. मास्तरांकडे आता फक्त गाल होते.

मास्तरांनी गाल फुगवले.

चाळीस वर्षांच्या सवयीचे, टम्म, पुरीसारखे. हात ट्रंपेट धरल्यासारखे वर. आणि रविंद्रच्या आतलं काहीतरी, ज्याला रविंद्रने काही विचारलं नव्हतं, जागं झालं. अंगठा पडद्यावरून उचलला गेला. कॅमेरा डोळ्याला लागला. पाऊल मागे पडलं. मास्तर गाल फुगवून एक पाऊल पुढं आले, रविंद्र एक पाऊल मागे गेला. असे ते दोघं वारंगा फाट्याला डीजेपुढं सहा पावलं चालले, आणि सातव्या पावलाला राजनंदिनीने बाजूने हात घालून कॅमेऱ्याची झडप उघडली आणि कार्ड काढून घेतलं.

"अवो ताई! माझं लग्न!" रविंद्र किंचाळला. नवरदेवाने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

कार्यालयाबाहेर, जरा ऐकू येईल अशा जागी, मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं. रविंद्रने डोकं खाजवलं.

"काल म्या तुमचा आवाज घेतलाय?"

"अठरा वर्षं घेऊन राहिलास, बाबा."

"पन आता या लग्नाची वरात कशात घेऊ?"

"मोबाइलमध्ये घ्या," राजनंदिनी म्हणाली.

त्याने मोबाइलमध्ये घेतली.

*

अल्बमचं नाव 'जसं वाजलं तसं' ठेवलं. चौथं गाणं एकोणीस मिनिटांचं आहे. त्यात मास्तरांची ट्रंपेट आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चार हातांवरून घेतलेली. त्यात रविंद्रची धाप आहे, "मावशी, बाजूला व्हा, नाली हाय" हे त्याचं वाक्य आहे, ओवाळणीच्या ताटाची किणकिण आहे आणि मारुतीपाशी भीमसिंगचा ठोक्यावर आलेला बाजा आहे. शेवटचा 'फुस्' आणि 'टुण्ण' रुद्र कापायला निघाला होता. राजनंदिनीने त्याचे हेडफोन काढून घेतले. ते त्याने जेवणानंतर परत मागितले.

पुण्यातल्या पोरांना ते गाणं फार आवडलं. 'शेवटचा तो टुण्ण कोणत्या वाद्याचा?' असं बऱ्याच जणांनी विचारलं. भीमसिंगने बाजा तीनदा उलटा करून आपटला, पण दात निघाला नाही. आता वाजवताना आत बारीक खुळखुळतो. भीमसिंग म्हणतो, जमैकात असंच असतं.

बालाजीला डोंगरकड्यातून तीन स्थळं आली. तिसऱ्या वेळी तो 'व्हय' म्हणाला.

मास्तरांनी घरी ओट्यावर बसून मोबाइलवर पूर्ण एकोणीस मिनिटं ऐकलं. शेजारी शकुबाई शेंगा फोडत होत्या. गाणं संपलं तेव्हा त्यांच्या हातातली शेंग तशीच होती.

"हे तुमी?"

"हं."

"मंग इतकी वर्षं ती बाई कोन व्हती?"

मास्तर हसले. त्याच सोमवारी संध्याकाळी नांदेडला शेजारचा दातही निघाला होता, त्यामुळे ते हसणं बरंच लांबपर्यंत ऐकू गेलं.

महिन्याभराने वारंगा फाट्याच्या लग्नाचा व्हिडिओ आला. पाहुण्यांपैकी कोणीतरी मास्तरांना मोबाइलवर पाठवला. मोबाइलमध्ये घेतल्यामुळे डीजेचा आवाज पार फाटला होता, तेव्हा रविंद्रने नेहमीप्रमाणे मूळ आवाज पुसला होता आणि वरून गाणं चढवलं होतं. पडद्यावर डीजेची गाडी थरथरत होती, निळे-हिरवे दिवे फिरत होते, चार-चार डबे एकावर एक रचलेले होते, आणि त्या डब्यांतून वैजनाथ मास्तरांची ट्रंपेट खणखणीत बाहेर येत होती. खाली पाहुण्यांनी लिहिलं होतं : डीजे एक नंबर.

मास्तरांनी रविंद्रला फोन लावला.

"रविंद्र, लेका, त्या डीजेवाल्याला काय वाटंल?"

"मास्तर," रविंद्र म्हणाला, "कोणाला कळतंय?"